आकाशदोराची राखण

आमचे जावई चारचौघांत माझी ओळख करून देताना सांगतात, "आमच्या सासूबाई फुग्यावर नोकरीला होत्या." ऐकणारा आधी माझ्या तोंडाकडे पाहतो, मग माझ्या देहाकडे पाहतो आणि हसू दाबतो. एवढी भरगच्च बाई फुग्यावर बसून काय करत असेल, हेच त्याच्या मनात येत असणार. म्हणून एकदाचं सांगून टाकते. मी फुग्यावर नव्हते बापा. फुग्याला जो दोर बांधला होता, त्या दोरावर होते. फुगा काय, कोणीही उडवतो. दोर राखणं हे खरं काम होतं.

हिंगणीच्या पुढे, बोर धरणाचं जंगल सुरू व्हायच्या आधी एक उघडा माळ लागतो. सत्तरच्या दशकात तिथे एका संशोधन संस्थेने कुंपण घातलं, टिनाची दोन शेडं उभी केली आणि हायड्रोजन भरलेला भला मोठा रुपेरी फुगा दोराने बांधून वर सोडला. आधी लोकांना वाटलं, निवडणुकीचा असेल. मग वाटलं, पाऊस पाडायचा असेल. एक म्हातारबा तर रोज फाटकाशी येऊन सांगायचे, "आज माह्या वावराकडं जरा तिरपा करजा." शेवटपर्यंत त्यांची ती समजूत गेली नाही. पाऊस झाला की राम राम घालून जायचे, नाही झाला की तोंड फिरवून जायचे.

मी मूळची पुलगावची. तिथे गिरणीत सूत तपासायला होते. सूत बोटांतून सरकवायचं आणि गाठ कुठे, बारीक कुठे, पीळ कुठे सुटला ते सांगायचं, एवढंच. एक दिवस या संस्थेच्या डॉक्टरीणबाई गिरणीत आल्या. त्यांना नायलॉनच्या बारीक दोऱ्यांची एक विरळ पट्टी विणून हवी होती. नमुना पाहताना मी म्हटलं, "ही तर बाजेची वीण आहे." बाज म्हणजे आमची खाट. बाजेची एक दोरी तुटली तरी निजलेला माणूस खाली पडत नाही, शेजारच्या दोऱ्या भार उचलतात. बाई एकदम माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "अगदी हेच मला चार मोठ्या साहेबांना समजावून सांगता येत नाहीये. तुम्ही येता का माझ्याकडे?" घरी सासरे म्हणाले, आभाळातली नोकरी कधी ऐकली नाही. पण अडवलं नाही.

या बाई खऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टर नव्हत्या, विज्ञानातल्या डॉक्टर होत्या. गावातल्या बाया तरीही त्यांच्याकडे खोकल्याचं औषध मागायला यायच्या, आणि त्या बिचाऱ्या आपल्याकडचं देऊनही टाकायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी काडी घेऊन मातीत चित्र काढलं आणि मला समजावलं. पृथ्वी फिरते. तिच्याच बरोबरीने फिरणारा एक उपग्रह पार वर ठेवला, तर तो जमिनीवरून एकाच जागी थांबलेला दिसतो. त्याच्यापासून जमिनीपर्यंत दोर सोडला, तर त्या दोरावरून पाळणा वर चढवता येईल. रॉकेट नको, आग नको.

"पण तिथे वर कचरा फिरतोय, इंदूबाई," त्या म्हणाल्या. "फुटलेल्या रॉकेटांचे, मेलेल्या उपग्रहांचे तुकडे. बंदुकीच्या गोळीपेक्षा जोरात फिरतात. एवढा लांब दोर ताणला की त्यातला एखादा कधी ना कधी बसणारच. बसू नये असा दोर करता येणार नाही. बसला तरी तुटू नये असा करता येईल."

मी विचारलं, "असा दोर कोणी बनवलाय का?"

"नाही. त्या ताकदीचा धागाच अजून जगात नाही. पण धागा येईल तेव्हा दोर राखायचा कसा, हे तोवर शिकून ठेवलं तर काय बिघडलं?"

मला हे फार आवडलं. आपल्या हयातीत न होणाऱ्या गोष्टीसाठी रोज सकाळी वेळेवर कामाला येणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही.

बाजेच्या विणीच्या आमच्या दोरावर गोळ्या येत नव्हत्या, पण बाकी सगळं यायचं. घारी यायच्या, गारा यायच्या. संक्रांतीला मांजा यायचा. काच लावलेला मांजा म्हणजे आमच्यासाठी साक्षात यमदूत. पौष लागला की मी सेलूपासून हिंगणीपर्यंत घरोघर फिरून पोरांना हात जोडायची, आणि पोट्टे हो हो म्हणून माळाकडेच पतंग सोडायचे. आर्वीचा एक सरकीचा व्यापारी आपल्या दुकानाचा फलक दोराला टांगायचा म्हणून हट्ट धरून बसला होता. त्याला काही केल्या पटेना की वर गेलेला फलक खालून वाचता येणार नाही. "लोकाइले नाई दिसला तं नाई दिसला, देवाले तं दिसन," म्हणाला. त्या वेळी आम्ही हसलो.

रोज सकाळी फुगा खाली घ्यायचा. चरखीवर दोर गुंडाळला जायचा आणि गुंडाळता गुंडाळता तो माझ्या बोटांतून जायचा, सगळाच्या सगळा. तुटलेला धागा लागला की मी ओरडायची, "थांब!" चरखी थांबायची. तिथे नवा धागा घालून जोड करायचा आणि त्या जोडावर लाल दोरा घट्ट गुंडाळायचा. लाल दोऱ्याचा अर्थ एकच, ही जागा आपल्या माणसाने पाहिली आहे, दुरुस्त केली आहे, हिच्यावर भरवसा ठेवा. लाल दोरा आला की मी बोट न थांबवता पुढे जाऊ द्यायची.

चरखी चालवायचे उकंडराव. हिंगणीचेच, घरची थोडी शेती, आवाज असा की वाऱ्यातही माळाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावा. हायड्रोजनमुळे आत बिडी पेटवायची बंदी होती. म्हणून दिवसातून दहादा फाटकाबाहेर चालत जायचे आणि सरकारला शिव्या देत परत यायचे. मला म्हणायचे, "बाई, तुमचे बोटं हायेत का डोये?" मी त्यांना जोड करायला शिकवलं. हात जड होता, पण शिकले. लाल दोरा गुंडाळायची मुभा आम्हा दोघांनाच होती.

मग दोऱ्यांचं सुरू झालं. एका सकाळी चरखीजवळच माझ्या बोटांना गाठ लागली. पाहते तर हळकुंड बांधलेला पिवळा दोरा. दुसऱ्या दिवशी दोन. फाटक सताड उघडं असायचं, कोणीतरी बाई येऊन जमिनीजवळच्या दोराला नवस बांधून जात होती. तो दोर वर जातो, म्हणजे नवसही वर जातो, असा सरळ हिशेब. पुढे हळकुंडाच्या जागी घुंगरू आलं, बांगडी आली, एकाने तर नांगराचा खिळा बांधला. कठीण वस्तू कप्पीत गेली की दोराचे धागे चिरडतात. मी रोज सोडवायची आणि बाहेरच्या निंबाला बांधायची. बाया माझ्यावर चिडायच्या. "आमचा देव तुह्याच डोयात खुपते काऊन वो?"

मी डॉक्टरीणबाईंकडे तक्रार केली तर त्या म्हणाल्या, "वरचा कचराही काही कोणी वाईट बुद्धीने टाकला नाही, इंदूबाई. ज्याने ज्याने सोडला त्याने मोठ्या आशेनेच सोडला होता."

त्याच साली उन्हाळ्यात रेडिओवर बातमी आली की परदेशाची एक मोठी अवकाश प्रयोगशाळा खाली पडणार आहे आणि कुठे पडेल याचा नेम नाही. लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. मरायचंच तर खाऊन मरू म्हणून कितीकांनी कोंबड्या कापल्या. आमच्या दोराला तर रांग लागली. ती पडली शेवटी भलतीकडेच, दूर समुद्रापार. पण दोरामुळेच आपल्यावर पडली नाही, अशी गावाची खात्री झाली ती झालीच.

पाऊस सुरू झाला, पेरण्या आटोपल्या, आणि उकंडरावांची छबी आजारी पडली. आठ-नऊ वर्षांची पोर. वडिलांचा डबा घेऊन यायची तेव्हा पायातले वाळे वाजायचे, म्हणून ती दिसायच्या आधीच उकंडराव चरखी सोडून उठायचे. आधी नुसता ताप होता. मग पोट फुगलं. वर्ध्याच्या दवाखान्यात नेली तर म्हणाले, मुदतीच्या तापाने आतड्याला छिद्र पडलंय, पोट उघडावं लागेल, पण अंगात ताकद नाही, दोन दिवस सलाइन लावून मग पाहू. आई पार्वता तिच्याजवळ राहिली. मामाही होता. उकंडराव मात्र कामावर येत राहिले. डॉक्टरीणबाई रागावल्या, "तुम्ही इथे काय करताय? जा तिकडे." ते म्हणाले, "मी अठीच बरा हाओ." आम्हाला वाटलं, माणूस घाबरलाय, दवाखाना पाहवत नाही.

त्याच आठवड्यात एका सकाळी दोर खाली येत होता. फुग्याच्या बराच जवळचा भाग बोटांत आला, लाल दोरा लागला. मी नेहमीसारखी पुढे जाऊ देणार, एवढ्यात बोटाला थंड लागलं. नायलॉन कधी थंड लागत नाही. मी ओरडले, "थांब!" चरखी थांबली, पण उकंडराव उठले नाहीत. तिथेच बसून राहिले, मान खाली घालून.

मी लाल दोरा उकलला. आत चांदीचा वाळा, उघडून चपटा केलेला. त्याची धार वाऱ्याच्या हेलकाव्याने दोरावर करवतीसारखी चालली होती. निम्म्याहून जास्त धागे कापले गेले होते.

मला काय वाटलं ते सांगते. आधी कीव नाही आली. आधी संताप आला. नवस बांधला याचा नव्हे. आमच्या लाल दोऱ्याखाली लपवला याचा. मी म्हटलं, "उकंडभाऊ, हा दोर तुटला असता म्हणजे? फुगा उडून गेला असता, सगळा दोर कोसळला असता आणि खाली विजेच्या मोठ्या तारा आहेत. वावरावावरांत निंदणाऱ्या बाया आहेत. ओला दोर तारांवरून त्यांच्या अंगावर पडला असता!"

"मालूम हाये," ते म्हणाले.

"मग?"

"पार्वतानं नवस बोलला. पोरगी घरी येईस्तोवर वाळा वर राह्यला पायजे. खाली बांधला तं तुमी सोडता. म्हून वर बांधला." मग माझ्याकडे पाहिलं त्यांनी. "बाई, उद्या तिचं पोट उघडून राह्यले. दोन दिस राहू द्या. मी पाया पडतो तुमच्या."

मी वाळा सोडवून हातात घेतला आणि तशीच डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. दोर पाहिला. वाटलं, आता या माणसाची नोकरी गेली. पण त्यांनी वाळा हातावर तोलून पाहिला आणि म्हणाल्या, "दोरावर नाही. फुग्याखाली उपकरणांची पेटी आहे ना, तिच्यात कापसात गुंडाळून ठेवा. एवढं वजन चालतं मला." मग दोराच्या त्या जागेवर बोट ठेवून म्हणाल्या, "आणि ही जखम दुरुस्त करू नका. उद्या त्या खऱ्या दोराला वर कोण गाठ मारायला जाणार आहे? उरलेले धागे भार घेतात का, तेच तर मला पाहायचंय. हवा शांत आहे तोवर फुगा वरच ठेवू, उद्या सकाळी उतरवायचा नाही. वारा उठला की लगेच खाली."

उकंडरावांनी स्वतःच्या हाताने कापूस गुंडाळला. फुगा वर गेला. ते दिवसभर वर पाहत होते, बिडी प्यायलाही बाहेर गेले नाहीत.

दुसरा दिवस उजाडला तोच कोंदट. दुपारी जंगलाच्या बाजूने आभाळ काळंभोर झालं आणि वारा सुटला. पाहता पाहता दोर तिरपा झाला. ताण दाखवणारा काटा लाल रेघेकडे सरकू लागला. डॉक्टरीणबाई शेडातून धावत आल्या. "उतरवा!"

उकंडरावांचा हात ब्रेकवर होता. तो हलला नाही.

"उकंडराव, उतरवा म्हणते!"

"बाई, आता नोको," ते म्हणाले. त्यांचा तो एवढा मोठा आवाज, पण मला जेमतेम ऐकू आला. "आता तिले आत नेलं असन. आताच्या आता खाली आनला तं नवस मोडते."

डॉक्टरीणबाई चरखीपर्यंत आल्या आणि थांबल्या. त्यांना चरखी चालवता येत नव्हती. मला थोडीफार यायची, पण जखमेचा भाग कप्पीतून काढण्याइतका चरखीवरचा सराव मला नव्हता, आणि दोरावर बोट ठेवायला दुसरं कोणी नव्हतं. हे त्या माणसाशिवाय होणारच नव्हतं. कुंपणापलीकडे पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरात बाया निंदत होत्या. पाऊस येतोय म्हणून घाईघाईने ओळ संपवत होत्या. कोणीतरी गाणं म्हणत होतं.

मी ओरडले नाही. मी फक्त म्हटलं, "उकंडभाऊ, तिकडे बाया हायेत."

त्यांनी वळून पाहिलं. किती वेळ पाहिलं कोण जाणे. मग डोळे पुसले आणि म्हणाले, "धरा बाई दोर. जखम आली का सांगजा."

मी चामड्याचा मोजा काढून टाकला, कारण मोज्यातून नीट कळत नाही. दोर बोटांतून सरकू लागला. इतक्या वाऱ्यात चरखी इतकी सावकाश कोणी चालवलेली मी पाहिली नाही. जोरात ओढलं असतं तर तो भाग तिथेच तुटला असता. वारा ओढायचा तेव्हा उकंडराव थांबायचे, वारा दम घ्यायचा तेव्हा ओढायचे. ती जागा माझ्या बोटाखाली आली तेव्हा मोजकेच धागे शिल्लक होते, बाकीचे दोन्ही बाजूंनी पिंजारून उभे. मी म्हटलं, "आली." त्यांनी चरखी आणखी सावकाश केली. दोर कप्पीवरून अलगद पार झाला.

फुगा खाली आला, बांधला, आणि तेवढ्यात पाऊस कोसळला. बाया लुगडी डोक्यावर घेऊन पळत आमच्या शेडात शिरल्या. त्यांना काहीच माहीत नव्हतं. एकीने उकंडरावांना हटकलं, "काऊन भाऊ, फुग्याले सर्दी होते का, लवकर घरात घेतला?" त्यांनी पेटी उघडली, कापूस काढला, वाळा शर्टाच्या खिशात घातला. डॉक्टरीणबाईंनी जीप काढायला लावली आणि स्वतः त्यांच्याबरोबर वर्ध्याला गेल्या.

छबी गेली होती.

मी दोन दिवस हिंगणीला त्यांच्या घरी जाऊन आले. पार्वता माझ्याकडे पाहतही नव्हती. मला वाटलं, उकंडरावही आता माझं तोंड पाहणार नाहीत. मुलीचा वाळा मी सोडवला, मीच बाया दाखवल्या. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. मी पुन्हा तेच केलं असतं हे खरं, आणि रात्रंदिवस ते डोळ्यांसमोरून हलत नव्हतं हेही खरं.

तेरावं झाल्यावर ते कामावर आले. मी शेडात दोर पसरून बसले होते. ती जखम तशीच होती. डॉक्टरीणबाईंनी तिची मोजमापं घेऊन ठेवली होती. त्यांना वर्षभर जे पाहायचं होतं ते त्या एका दुपारी दिसलं होतं. उरलेल्या धाग्यांनी भार घेतला होता. पण त्याचा आनंद त्यांना कधी करता आला नाही.

उकंडराव माझ्यासमोर मांडी घालून बसले.

"बाई, मेव्हण्यानं सांगतलं," ते म्हणाले. "पोरगी सकाळीच गेलती. आत न्याच्या आंधीच. फुगा वरच होता तवा."

मी म्हटलं, "म्हणजे तुम्ही उतरवला म्हणून काही..."

"हो. मी उतरवला तवा ते नव्हतीच." दोराची ती जागा त्यांनी जवळ ओढली. "पन मले मालूम नव्हतं ना, बाई."

मला रडू फुटलं. ते रडले नाहीत. मी शांत होईपर्यंत बसून राहिले आणि मग हात पुढे केला. "लाल दोरा द्या इकडं. हे जागा मीच करतो."

त्यांनी एकेक धागा घातला. जड हाताचा माणूस, पण असा जोड मी गिरणीतसुद्धा पाहिला नव्हता. लाल दोरा गुंडाळून झाल्यावर दोर माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "पाहून घ्या." मी बोट न थांबवता दोर पुढे जाऊ दिला. ते उठले आणि बिडी प्यायला फाटकाबाहेर गेले.

ऐंशीच्या दशकात पैसे संपले आणि केंद्र बंद झालं. आता तिथे कुंपणही नाही. वर जाणारा तो खरा दोर अजून झालेला नाही. वरचा कचरा मात्र वाढतोच आहे, असं पेपरात वाचते. डॉक्टरीणबाई गेल्या, उकंडरावही गेले. निरोपाच्या दिवशी बाईंनी आम्हा दोघांना विचारलं होतं, दोराचा कोणता तुकडा हवा. उकंडराव म्हणाले, मले नोको. मी त्यांनी जोडलेला तो तुकडा मागून घेतला.

कपाटात ठेवलाय. सणासुदीला कपाट आवरताना बाहेर काढते. लाल रंग उडालाय, नायलॉन पिवळं पडलंय, आणि माझ्या बोटांनाही आता पूर्वीसारखं कळत नाही. तरी त्या जोडावरून बोट फिरवून पाहते. कुठे थंड लागत नाही.